गेम खेळताना पीसी आपोआप रीस्टार्ट होतो: ग्राफिक कार्ड बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घणसोलीतला फ्लॅट. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक कार्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३६०० रॅम स्टिक, ६५० वॅटचा एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा), विंडोज ११. गेम सुरू केल्यावर २० ते ४० मिनिटांत स्क्रीन काळी होते आणि पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. ब्राउझिंग, व्हिडिओ, ऑफिसचं काम यात कधीच काही होत नाही. त्रास मे महिन्यात सुरू झाला. फॉरमॅट मारून झालं, ड्रायव्हर नव्याने टाकून झाला. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं. पीसी ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहे आणि कॅबिनेट स्टडी टेबलाच्या खालच्या कप्प्यात.

एवढ्या लक्षणांवरून कार्ड गेलं असं म्हणता येत नाही. पीसी कसा बंद पडतो याकडे आधी नीट बघा, कारण अर्धं निदान तिथेच होतं. कार्ड खराब व्हायला लागलं की बहुतेक वेळा स्क्रीनवर रंगीत चौकोन किंवा रेघा येतात, किंवा स्क्रीन काळी होऊनही गेमचा आवाज चालू राहतो आणि कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने घोंघावतात. चित्र गोठलं आणि आवाज एकाच सुरावर अडकला तर रॅम किंवा प्रोसेसरचा संशय आधी घ्यायचा. फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला तर ड्रायव्हर, मेमरी, ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा वाढवलेला वेग) किंवा खुद्द गेम. पीसी पूर्ण बंद झाला आणि एसएमपीएसचं मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठतच नसेल, तर एसएमपीएसने स्वतःला वाचवण्यासाठी लाइन तोडलेली असते. तुमचं अख्खं मशीन एका क्षणात रीस्टार्ट होतं, ब्लू स्क्रीनही दिसत नाही. असं बहुतेक वेळा दोन कारणांनी होतं: वीज क्षणभर तुटली किंवा कोसळली, नाहीतर प्रोसेसरच्या पातळीवर गंभीर हार्डवेअर एरर येऊन बोर्ड रीसेट झाला.

या दोनांतलं कोणतं, हे विंडोज सांगतं. आधी एक सेटिंग बदला: ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. ब्लू स्क्रीन येत असेल पण निसटून जात असेल, तर आता ती थांबून राहील. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. क्रॅशच्या वेळेला कर्नल-पॉवर ४१ ही नोंद हमखास सापडेल. पुष्कळ जण ती बघून ‘एसएमपीएस गेला’ असा निष्कर्ष काढतात. ४१चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं. खरी माहिती त्या नोंदीच्या डिटेल्स टॅबमध्ये ‘बगचेक कोड’ या ओळीत असते. तिथे ० असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे आधी विजेकडे बघायचं. २७८ असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर सावरला नाही, २९२ म्हणजे हार्डवेअर एरर, २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट. हे आकडे तिथे दशमान पद्धतीत येतात, त्यामुळे ब्लू स्क्रीनवर दिसणाऱ्या कोडशी जुळत नाहीत. गोंधळून जाऊ नका.

त्याच यादीत डब्ल्यूएचईए-लॉगर (विंडोजची हार्डवेअर एररची नोंद) शोधा. १८ क्रमांकाची नोंद असेल आणि तीत ‘कॅशे हायरार्की एरर’ लिहिलं असेल, तर प्रोसेसरच्या एखाद्या कोअरला दिलेलं व्होल्टेज पुरत नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) पीबीओ किंवा कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रोसेसरचा वेग-व्होल्टेज बदलायची सोय, लावला असेल तर तो काढा. काहीच लावलेलं नसताना दरवेळी तोच एपिक आयडी (कोअर ओळखायचा क्रमांक) दिसत असेल, तर तो कोअरच कमकुवत आहे आणि प्रोसेसर वॉरंटीत द्यायचा. बॉक्समधल्या रायझनला ३ वर्षांची असते. डिस्प्लेची ४१०१ नोंद म्हणजे ड्रायव्हर अडकला आणि सावरला, तेव्हा कार्ड आणि ड्रायव्हर बघायचे. दर क्रॅशची तारीख, वेळ आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं (एसी, गीझर, सोसायटीचा पंप) कागदावर लिहून ठेवा. ते पुढे लागणार आहे.

आता वीज, आणि तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय इथेच आहे. हिशोब करा. ५६०० प्रोसेसर पूर्ण भारावर ७६ वॅटपर्यंत घेतो, ३०७० कार्ड २२०, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० ते ६०. म्हणजे साधारण ३५० वॅट. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ४१० वॅटच्या आसपास ओढले जातात, आणि मॉनिटरही यूपीएसवर असेल तर ४५०. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. लाइट सुरळीत असताना तो भिंतीतली वीज जवळजवळ तशीच पुढे पाठवतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. व्होल्टेज क्षणभर पडलं की तो बॅटरीवर जातो, आणि ३६० वॅटच्या यंत्रावर ४५० वॅटचा भार येताच आउटपुट तोडतो. बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर आणखी लवकर. ब्राउझिंग करताना हाच पीसी १०० वॅटच्या आत असतो, त्यामुळे तोच झटका कळतही नाही. म्हणजे पीसी वाचवायला घेतलेला यूपीएसच त्याला पाडतो, आणि ठाणे-नवी मुंबईत मी हे फार घरांत बघतो.

व्होल्टेज पडलं म्हणजे दिवे गेलेच पाहिजेत असं नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची. पूर्ण भारावर असताना मुख्य पुरवठा तुटला तर एसएमपीएसने स्वतःच्या कपॅसिटरवर १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते, आणि स्वस्त एसएमपीएस तेवढाही धरत नाहीत. एक सायकल हुकली तरी गेम चालू असलेला पीसी पडू शकतो, आणि खोलीतला ट्यूबलाइट फार तर एकदा लुकलुकतो. मे महिन्यात संध्याकाळी इमारतीतले सगळे एसी एकदम चालू असतात. त्यांच्या काँप्रेसरच्या सुरुवातीच्या ओढीने असे झटके वाढतात. तुमचा त्रास मे महिन्यातच का सुरू झाला असावा, याचं हे एक कारण. दुसरं उष्णता, त्याकडे येतोच.

म्हणून पहिली चाचणी फुकट आहे: यूपीएस, स्पाइक गार्ड, मल्टिप्लग सगळं काढा आणि पीसी थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. सॉकेट घट्ट असायला हवं. प्लग हलवल्यावर चरचर ऐकू आली, किंवा तासभर खेळून झाल्यावर प्लगची पिन गरम लागली, तर ते सॉकेट बदलून घ्या. एसएमपीएसमध्ये खुपसायची केबलसुद्धा सैल असते, दुसरी लावून बघा. एसीच्या सर्किटवर पीसी असेल तर एक संध्याकाळ एसी बंद ठेवून खेळा. दोन-तीन दिवस असं खेळून क्रॅश झाला नाही तर उत्तर मिळालं. मग यूपीएस घ्यायचा तर वॅट बघून घ्या, व्हीए बघून नाही: या पीसीला किमान ६०० वॅटचा, आणि जमलं तर प्युअर साइन वेव्हचा. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसला स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह मानवत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस मोड’वर हवं, साध्या मोडमध्ये तो बॅटरीवर यायला इतका वेळ घेतो की पीसी तेवढा तग धरत नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. रीस्टार्टचं कारण सहसा हे नसतं, पण जिवाशी गाठ आहे, त्यामुळे आजच्या आज दुरुस्त करायचं. आणि एसएमपीएस घरी उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

भिंतीकडची वीज निर्दोष ठरली तर कॅबिनेट उघडा. कार्डाला दोन ८-पिन लागत असतील तर त्या दोन वेगळ्या केबलनी यायला हव्यात. एकाच केबलच्या टोकाला निघालेली दोन तोंडं कार्डात लावलेली असतात, दुकानात जोडताना हे फार होतं. एका ८-पिनची मर्यादा १५० वॅट. कार्डाचा सरासरी भार २२० वॅट असला तरी या पिढीची कार्डं मिलिसेकंदांपुरती दीडपटीच्या वर उसळी मारतात. त्या क्षणी एका केबलवरचं व्होल्टेज घसरतं, किंवा एसएमपीएसचं करंट संरक्षण लागतं. प्लग काढून पिना बघा. प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा पिन काळवंडली असेल तर केबल वापरू नका. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसला दुसऱ्या कंपनीची केबल कधीच लावायची नाही. तोंड बसतं, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना वेगळी असते आणि ड्राइव्ह किंवा बोर्ड जळतो.

आता बिघाड हवा तेव्हा घडवून आणायचा. गेममध्ये तो कधी येईल याची वाट बघत बसलात तर कोणत्या बदलाने फरक पडला हे कधीच कळणार नाही. एचडब्ल्यूइन्फो (तापमान, व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू करून लॉगिंग चालू ठेवा, म्हणजे रीस्टार्टच्या आधीचे आकडे फाइलमध्ये उरतात. ओसीसीटीमध्ये (मुद्दाम भार टाकून तपासणारं सॉफ्टवेअर) आधी फक्त प्रोसेसरची चाचणी ३० मिनिटं, मग फक्त कार्डाची, मग दोन्हींवर एकदम भार टाकणारी पॉवरची चाचणी. पहिल्या दोन पास होऊन तिसरीत मशीन पडलं तर एसएमपीएस किंवा भिंत. फरमार्क (कार्डावर भार टाकणारं सॉफ्टवेअर) तासभर चाललं म्हणून कार्ड आणि एसएमपीएसला निर्दोष ठरवू नका. फरमार्कचा भार एकसारखा असतो, त्यात कार्ड पॉवर लिमिटला टेकून कमी क्लॉकवर (वेगावर) चालतं. गेममध्ये भार सतत वरखाली होतो आणि क्लॉक उंच जातो, त्यामुळे नेमक्या ज्या उसळ्यांनी पीसी पडतो त्या फरमार्कमध्ये येतच नाहीत. ओसीसीटीच्या कार्डाच्या चाचणीत भार बदलता ठेवायची सोय आहे, ती वापरा.

यापुढची चाचणी मला सगळ्यांत उपयोगी वाटते, कारण एक रुपया खर्च न करता ती एसएमपीएस आणि कार्ड वेगळे करते. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि ज्या गेममध्ये पीसी पडतो तोच खेळा. क्रॅश थांबला तर भार कमी झाल्याने फायदा झाला. पण पॉवर कमी केली की क्लॉकही खाली येतो, म्हणून इथेच थांबायचं नाही. लिमिट परत १०० करा आणि कोअर क्लॉक १५० मेगाहर्ट्झने कमी करून तोच गेम तेवढाच वेळ खेळा. या दुसऱ्या चाचणीतही क्रॅश थांबला तर कार्डाला स्वतःचा ठरलेला क्लॉक पेलवत नाही, आणि वॉरंटीत देण्याजोगा पुरावा तुमच्या हाती आला. पॉवर कमी केल्यावर थांबतो पण क्लॉक कमी केल्यावर थांबत नाही, असं असेल तर केबल, एसएमपीएस, भिंत याच रांगेत शोधायचं. कोणी अंडरव्होल्ट करून (कार्डाचं व्होल्टेज उतरवून) दिलं असेल तर या सगळ्याआधी ते काढा. थंड चालणारं पण मधूनच पडणारं कार्ड बऱ्याचदा अंडरव्होल्टचं असतं.

उष्णतेबद्दल लोक चुकीच्या आकड्याला घाबरतात. ५६००ची कमाल मर्यादा ९० अंश, ३०७०ची ९३. त्यांच्या जवळ गेल्यावर दोघेही आधी वेग कमी करतात, लगेच बंद पडत नाहीत. म्हणून फ्रेम्स न घटता थेट रीस्टार्ट होत असेल तर प्रोसेसर आणि कार्डाच्या तापमानाला मी पहिलं आरोपी मानत नाही. एसएमपीएसला मानतो. त्याचं तापमान बहुतेक वेळा कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. चांगला एसएमपीएस ४० किंवा ५० अंशांना पूर्ण वॅट देईल असा मोजलेला असतो, स्वस्त २५ अंशांना. मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असते आणि पीसी स्टडी टेबलाच्या बंद कप्प्यात. आतली हवा ४५च्या वर सहज जाते. मग लेबलवरचे ६५० वॅट ६५० राहत नाहीत, आणि तेवढं तापून संरक्षण लागायला २०-३० मिनिटं जाऊ शकतात. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा, बाजूचं झाकण उघडं ठेवा, टेबल फॅनचा वारा आत सोडा आणि तीच चाचणी पुन्हा लावा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं किंवा क्रॅश लांबला तर कप्प्याचा वापर कायमचा बंद. कार्डाचं साधं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यांत गरम भाग) यांत १० ते १५ अंशांचा फरक नेहमीचा; तो २५-३०च्या पुढे असेल तर कार्डावरची थर्मल पेस्ट बहुधा वाळली आहे.

धुळीचं आपल्या भागात वेगळं प्रकरण आहे. घोडबंदर रोडला मेट्रोचं आणि इमारतींचं बांधकाम, घणसोली-महापे-तुर्भे पट्ट्यात एमआयडीसी आणि ठाणे-बेलापूर रस्ता, आणि त्यावर खाडीकाठची दमट हवा. धूळ ओलावा धरते आणि हीटसिंकच्या पात्यांत गाळासारखी चिकटते. एसएमपीएस खाली बसवलेला असेल तर त्याच्या पंख्याखालची जाळी आधी बघा, ती बंद झालेली असते आणि वरून कळत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. पंक्चरवाल्याच्या काँप्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी असतं. कार्ड आणि रॅम काढून त्यांच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि परत घट्ट बसवा. खोडरबर घासायची सवय पुष्कळ दुकानांत आहे. त्याने मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. पावसाळ्यात महिनाभर न वापरलेल्या पीसीचा अर्धा त्रास एवढ्यानेच जातो.

रॅमची चाचणी स्वस्त आहे म्हणून वगळू नका. स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. ५६००साठी अधिकृत वेग ३२००. तुमच्या स्टिक ३६००वर एक्सएमपीने (रॅमचा वेग वाढवणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगने) चालतात, म्हणजे ते ओव्हरक्लॉकच झालं. सहसा चालतं, पण खात्री नाही. बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून दोन दिवस खेळा. मग मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर, किमान चार पास. एक जरी एरर आली तरी ती स्टिक नापास. दोन्ही एकेकट्या तपासा, दोषी कोण ते कळतं. मेमटेस्ट पास होऊनही गेममध्ये एरर येऊ शकते, कारण मेमटेस्टच्या वेळी कार्ड गार असतं आणि गेममध्ये त्याची गरम हवा थेट रॅमवर जाते. कार्डावर भार असताना ओसीसीटीची मेमरी चाचणी चालवली की ही पळवाट बंद होते.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. तुमचं फॉरमॅट मारून झालंय आणि लक्षण थेट रीसेटचं आहे, तेव्हा इथे फार वेळ घालवू नका. ड्रायव्हर बदलायचा असेल तर इंटरनेट तोडून सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळासकट काढणारं सॉफ्टवेअर) जुना काढा, मग नवा किंवा दोन आवृत्त्या मागचा टाका. पेजफाइल (रॅम कमी पडल्यावर डिस्कवर वापरली जाणारी जागा) बंद केली असेल तर चालू करा. १६ जीबी रॅमवर ती नसेल तर मोठे गेम डेस्कटॉपवर पडतात आणि लॉगमध्ये २००४ क्रमांकाची नोंद येते. रजिस्ट्रीत टीडीआरची (अडकलेला डिस्प्ले ड्रायव्हर सावरायची) मुदत वाढवायचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नका. ड्रायव्हर अडकल्यावर विंडोज २ सेकंद थांबतं, ते १० सेकंद केल्याने बिघाड जात नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि गेम सुरुवातीला शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणत बंद होत असेल, तर कार्डाला दोष देण्याआधी बायोस अपडेट करा. या पिढ्यांमध्ये जादा व्होल्टेजने प्रोसेसर झिजतो, हे इंटेलने मान्य केलं आणि ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) पॅच दिले. पॅच पुढची झीज रोखतो, आधी झालेली भरून येत नाही. अशा प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे, बॉक्सवाल्यांना एकूण ५ वर्षं. ती मागून घ्या.

इतकं करूनही संशय एसएमपीएसवरच राहिला तर विकत घेऊ नका, आधी मित्राचा किंवा दुकानातला ६५० किंवा ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघा, त्याच्या स्वतःच्या केबलसकट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असो की ठाणे स्टेशनबाहेर, ओळखीचा दुकानदार हे करू देतो. मल्टिमीटरने ८-पिनवर १२ व्होल्ट मोजता येतं, ११.४ ते १२.६ मध्ये असावं. पण क्षणाची घसरण मल्टिमीटरला दिसत नाही, त्यामुळे आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस सुटला असं नाही. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका.

सर्व्हिस सेंटरला काहीही द्यायचं झालं तर बिलाची प्रत, सिरियल नंबरचा फोटो आणि पिनांचे फोटो आधी काढून ठेवा. ‘गेम खेळताना बंद पडतो’ असं लिहून दिलंत तर ते दहा मिनिटं चालवून ‘ठीक आहे’ म्हणून परत देतात. फॉर्मवर असं लिहा: ओसीसीटीच्या अमुक चाचणीत अमुक मिनिटांत रीसेट, दुसऱ्या एसएमपीएसवरही तेच, कोअर क्लॉक १५० मेगाहर्ट्झने कमी केल्यावर थांबतं. तुमचा यूपीएस काढून थेट भिंतीवर खेळल्याचा निकाल, बगचेक कोड आणि कार्डाला किती वेगळ्या केबल आहेत, एवढं कळवा, पुढचं त्यावरून ठरवता येईल.